आखाजीचा गूळ धुळ्याच्या जेलात

खानदेशात काय काय पाहिलंत, असं आल्या दिवसापासून आमच्या आळीत सगळ्या विचारतात. मी सांगते, केळीच्या बागा पाहिल्या, आखाजीचे झोके पाहिले आणि धुळ्याचं जेल पाहिलं. पहिल्या दोन गोष्टींना माना डोलतात. तिसरीला हातातला कप बशीत जातो आणि मग कुणी उठायचं नाव घेत नाही. प्रत्येकीला वेगळं सांगून माझा घसा बसला, म्हणून आता एकदाच सगळं लिहून काढते.

गेले होते विहिणीकडे. माझी लेक आणि जावई नोकरीमुळे नाशिकला असतात. जावयांची आई, जिला अख्खं गाव अक्का म्हणतं, ती एकटी गावी राहून शेती पाहते. लग्न होऊन चार वर्षं झाली तरी मी तिच्या घरी गेले नव्हते. दर वर्षी तिचं पोस्टकार्ड यायचं, आखाजीला या. आखाजी म्हणजे आपली अक्षय तृतीया. आमच्या कोकणात त्या दिवशी आमरस करतात आणि दुपारी झोपतात, एवढाच तो सण. यंदा मनाचा हिय्या केला. ह्यांना म्हटलं, चला. हे म्हणाले, वैशाखात खानदेशात जाण्यापेक्षा मी चुलीत पाय घालून बसेन. म्हणून एकटीच निघाले.

फैजपूरच्या अलीकडे

आमचा उन्हाळा अंगाला चिकटतो. तिथला उन्हाळा चिकटत नाही, तो अंगातलं पाणीच पिऊन टाकतो. एसटीतून उतरले तेव्हा पदराने पुसायला घामसुद्धा नव्हता. लांब सातपुडा धुरकट दिसत होता आणि अलीकडे नजर जाईल तिथवर केळी. केळ म्हणजे मोरीच्या पाण्यावर परसात वाढलेली दोन-तीन झाडं, हे माझं आजवरचं ज्ञान. इथं केळीचा समुद्र होता, आणि आत शिरलं की उन्हाचा पत्ता नाही. मी अक्कांना म्हटलं, घर कशाला बांधलंत, इथंच बाज टाकायची. त्या हसल्या. त्या फार बोलत नाहीत, पण हसताना सगळा चेहरा हसतो.

घरात मांड्यांची तयारी चालली होती. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर नाचवत नाचवत कोपरापर्यंत पसरवायचा आणि चुलीवर उपडं घातलेल्या मातीच्या खापरावर टाकायचा. मांडा एवढा मोठा आणि एवढा तलम की मी तो अंगावर पांघरला असता. मीही एक करून पाहिला. तो अर्धा खापरावर आणि अर्धा माझ्या लुगड्यावर पडला. अक्कांच्या शेजारणींना त्यानं दिवसभर पुरेल एवढं हसू मिळालं, आणि विहिणीला हसायची संधी मिळाली की कोण सोडतं?

एक बाई मात्र हसत नव्हती. ती ओसरीच्या टोकाला बसून पाण्याच्या घागरी धूत होती. तिचं नाव यशोदा. अक्कांच्या सालदाराची बायको. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी. मळ्यातल्या खोलीत राहायचं, बैल सांभाळायचे, केळीला पाणी द्यायचं. तिचा नवरा हिरामण कुठं दिसत नाही म्हणून मी सहज विचारलं, तर सगळ्यांचे हात थांबले.

रात्रीच्या जेवणाआधी अक्कांनी मला ओट्यावर बसवून सांगितलं.

"ईनबाई, उद्या आपल्याले धुळ्याले जानं हाये. हिरामण तिथी जेलात हाये."

मी मानपान घ्यायला आले होते. साडी, नारळ, ओटी, एखादी पैठणीची आशा. आणि विहीणबाई मला तुरुंगात नेत होत्या.

झालं होतं असं. फाल्गुनात अक्कांनी गुरांच्या बाजारातून बैलजोडी घेतली. बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दलाल आणि घेणारा रुमालाखाली हात घालतात, बोटं धरतात, आणि बोटांवरच सौदा होतो. आता घेणारा म्हणजे मालक. पण अक्कांच्या घराण्याची रीत वेगळी. त्यांचे यजमान म्हणायचे, बैल मालकाला ओळखत नाही, हाताला ओळखतो, म्हणून ज्याच्या हाती कासरा राहणार त्यानंच रुमालाखाली हात द्यायचा. त्या रीतीप्रमाणे अक्का बाजूला उभ्या राहिल्या आणि हात हिरामणनं दिला. बैल चोरीचे निघाले. धुळ्याकडच्या एका शेतकऱ्याचे होते. विकणारा पसार झाला, आणि पोलिसांनी दलालाला विचारलं तेव्हा त्यानं सरळ सांगितलं, घेणारा हा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हिरामणनं खरोखरच हात देऊन करून घेतलं. अक्का पोलिसांना सांगत राहिल्या की बैल माझे, पण एका म्हातारीनं गड्याला वाचवायला सांगितलेली गोष्ट म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. तेव्हापासून तो धुळ्याला कच्चा कैदी होता, म्हणजे खटला उभा राहायच्या आधीच आत.

मी म्हटलं, वाईट झालं, पण वकील आहे ना? वकील होता. जामिनाची तारीखही आखाजीनंतर लगेच होती. मग घाई कसली?

घाई सालाची होती. खानदेशात सालदाराचं साल आखाजीला संपतं आणि नवं साल त्याच दिवशी ठरतं. मालक गड्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवतो, दोघं खातात, आणि तिऱ्हाईत एक माणूस साक्षीचा गूळ खातो. दिवस मावळेपर्यंत गूळ झाला नाही तर गडी मोकळा. खोली सोडायची, संसार डोक्यावर घ्यायचा. अक्कांचे चुलत दीर नाना, त्यांनी दुसरा गडी पाहूनही ठेवला होता. त्यांचं म्हणणं तसं खोटं नव्हतं. जेलातला माणूस केळीला पाणी कसं देणार? त्यात भर म्हणजे हिरामणनं स्वतःच वकिलाच्या कारकुनाबरोबर निरोप पाठवला होता की अक्कांनी दुसरा माणूस ठेवावा.

अक्कांना तो निरोप पटत नव्हता. दुसऱ्याच्या तोंडून आलेलं 'नाही' त्या धरायला तयार नव्हत्या. आणि माझं काम काय, हे मी विचारल्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, साक्षीला बाहेरचं माणूस लागतं आणि गावात नानांच्या शब्दाबाहेर कुणी जात नाही. एकूण पोस्टकार्डांमागे यंदा हा हिशेब होता तर. मला राग यायला हवा होता. पण दाराशी यशोदा उभी होती. नवरा आत गेल्यापासून केळीला रात्रीचं पाणीही तीच देत होती आणि तिचे पाय चिखलानं फुटले होते. मी राग गिळला आणि दोन मांडे जास्त खाल्ले.

पारोळ्याच्या पुढे

सकाळी जळगाव, तिथून एरंडोल, पारोळा करत धुळ्याची गाडी. अक्कांनी बरोबर केळ्यांची एक फणी, मांड्यांचा डबा आणि कमरेला गुळाची पुरचुंडी घेतली होती. माझ्या मांडीला लागून बाकावर फणी, आणि पारोळ्याला चढलेल्या एका गृहस्थांनी बसायला म्हणून जे टेकलं ते त्या फणीवरच. पुढचा सगळा रस्ता मला केळ्याच्या शिकरणीत बसल्यासारखं वाटत होतं. गृहस्थांनी फार माफी मागितली आणि खिशातून शेंगदाणे काढून दिले. आमच्याकडे असं झालं असतं तर आधी चूक कुणाची हे ठरलं असतं, मग मामलेदार कचेरीपर्यंत गोष्ट गेली असती.

धुळ्याच्या अलीकडेच अक्का उठल्या आणि गाडी थांबवली. मला वाटलं धुळं आलं. पण आजूबाजूला फक्त बाभळी आणि काळी रानं. अक्का म्हणाल्या, बैलवाल्याकडे जाऊ.

मी तिथंच उभी राहिले. ज्यानं फिर्याद केली त्याच्याच घरी? वकिलानं काय सांगितलंय? अक्कांनी सांगितलं, वकिलानं तिकडं जाऊ नका म्हणून बजावलंय. मग? मग काही नाही. त्यांनी पदर सारखा केला आणि चालू लागल्या. ह्या बाईला माझी मुलगी चार वर्षं सासू म्हणते आणि एकदाही तक्रार करत नाही, याचं मला कौतुक वाटलं.

त्या गावात आम्ही कुणाच्या ओळखीच्या नव्हतो. तरी बैलवाल्याच्या, म्हणजे आबांच्या, अंगणात पाऊल टाकलं तसं कुणीतरी बाज ओढली, कुणीतरी पाण्याचा तांब्या आणला. पाणी पिऊन झालं, पाय धुऊन झाले, मग आबांनी विचारलं की कुठल्या गावच्या. आमच्या कोकणात फाटकातच 'कोण पाहिजे' म्हणून विचारतात आणि उत्तर पटलं तर पायरी दाखवतात. अक्कांनी कोण आहोत ते सांगितलं तेव्हा घरातल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. पण पाणी देऊन झालं होतं. पाणी दिलेल्या माणसाला उठवायची रीत तिथं नाही.

आबा सत्तरीचे, डोक्याला मोठं पागोटं, आवाज खर्जातला. अक्का एवढंच म्हणाल्या की बैल मी घेतले, माझा माणूस आत आहे, तुम्हाला बैल परत मिळाले तेव्हा ते कसे होते? आबा उठले. मग आम्हाला गोठ्याकडे घेऊन गेले. बैल तिथं होते, पांढरे, शिंगं काळीभोर आणि तेलकट चकचकीत. मी जवळ गेले तर डावीकडच्यानं माझ्या पदराला चिकटलेलं केळं चाटून साफ केलं. बिचाऱ्याला फैजपूरच्या केळ्याची चव आठवली असणार.

आबा शिंगावर हात फिरवत म्हणाले, "चोर बैलना शिंगले तेल लावत नही, बाई. मना बैल गयतात त्यानापेक्षा जाडा व्हईसन उनात."

त्यांची भाषा अहिराणी. अक्कांची बोली निराळी, माझी तर आणखी निराळी, पण बैल गेले होते त्याहून जाड होऊन परत आले, एवढं सगळ्यांना समजलं. अक्कांनी विचारलं, हे कोर्टात सांगाल का? आबा म्हणाले की जे डोळ्यांनी पाहिलं ते सांगायला कसली भीती, आणि त्यांचा मुलगा वकिलाला तसं कळवील. एवढंच बोलणं. मी मात्र त्या म्हाताऱ्याला मनातून नमस्कार केला.

मग आम्हाला सोडतात कुठं? आखाजीसाठी त्यांच्या लेकी माहेरी आल्या होत्या. कडुनिंबाला झोका बांधला होता आणि पोरीबाळी गाणी म्हणत उंच चढत होत्या. मलाही बसवलं. पन्नाशी उलटलेली बाई, आयुष्यात झोपाळ्यावर बसून फक्त तांदूळ निवडलेले. चौथ्या हेलकाव्याला मी डोळे मिटले आणि पाचव्याला उघडले, कारण मला मजा यायला लागली होती. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी, लाल मिरचीचा ठेचा आणि कच्चं शेंगदाण्याचं तेल खाऊन तिथंच अंगणात झोपलो. ठेच्यानं डोळ्यांतून जे पाणी आलं त्याबद्दल मी यजमानीणबाईंना सांगितलं की माहेरची आठवण आली.

धुळे

आखाजीच्या सकाळी दारोदार नव्या घागरी भरून ठेवलेल्या, वर आंबा, पितरांच्या नावानं. जेलच्या फाटकाबाहेर मात्र सण नव्हता. भिंतीच्या सावलीत बायका डबे घेऊन बसल्या होत्या. पण त्या रडत नव्हत्या, हे मला विशेष वाटलं. एक दुसरीला कुठल्या डाळीचं पुरण शिजत नाही ते सांगत होती. तुरुंगाबाहेर आपण फार गंभीर असायला हवं अशी माझी समजूत होती. रोज येणाऱ्याला तेवढी सवड नसते. एका बाईनं मला सरकून जागा दिली आणि विचारलं, तुमचा कोण? मी म्हटलं, अजून ठरायचंय.

ते दारावरच ठरलं. शिपाई मध्यमवयीन, मिशीला पीळ, पण डोळे थकलेले. त्यानं कैद्याचं नाव विचारलं आणि मग विचारलं, नातं काय? अक्का म्हणाल्या, माझा गडी. शिपाई म्हणाला, गडी हे नातं नव्हे, बाई, मुलाखत नातेवाइकांनाच. त्यावर अक्का म्हणाल्या,

"मग माय लिहा."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मास्तरांची बायको, घरात खोटं बोलायची चोरी. मी म्हटलं, मावशी. शिपायानं आमच्या दोघींकडे, एकीच्या खानदेशी लुगड्याकडे आणि दुसरीच्या कोकणी उच्चाराकडे, पुन्हा एकदा पाहिलं. मग म्हणाला, बरं, सण आहे.

डबा उघडून त्यानं मांडे तपासले. एकेक घडी उलगडली तशी त्याचीच पंचाईत झाली, कारण उलगडलेला मांडा परत डब्यात मावेना. तो घड्या घालत असताना सांगत होता, आज बाहेर सगळा जिल्हा पत्ते कुटतोय, आखाजीला जुगार माफ, पण आत पत्ता सापडला तर माझी नोकरी जाईल. गुळाची पुरचुंडी पाहून मात्र तो थांबला. हे कशाला? अक्कांनी त्याला सांगितलं की साल करायचंय. तो त्याच भागातला असावा. त्याला पुढं काही सांगावं लागलं नाही. गूळ त्यानं फोडून पाहिला आणि एक खडा कागदात बांधून आत देण्यासाठी बाजूला ठेवला.

मुलाखतीची जागा म्हणजे भिंतीतली एक खिडकी, तिला जाड तारेची जाळी. पलीकडे हिरामण आला. माझ्या मनात सालदार म्हणजे दांडगा गडी होता. हा बारीक, सावळा, पस्तिशीचा, आणि अक्कांना पाहताच त्यानं मान खाली घातली.

"तू कसाले उनी, अक्का?"

का आलीस, असं तो विचारत होता. तिकडे मालकिणीलाही 'तू' म्हणतात, आणि त्यात कमीपणा नसतो, उलट आईला म्हणावं तसं ते येतं. अक्कांनी त्याला आधी बैल सांगितले. बैल बरे आहेत, मालकाकडे आहेत, मालक चांगला माणूस आहे, तुझ्या बाजूनं बोलणार आहे. हिरामणनं डावीकडचा बैल खातो का ते विचारलं. मी मध्येच म्हटलं, माझा पदर खाल्ला त्यानं. तो पहिल्यांदा हसला. मग यशोदाचं विचारलं, पाण्याचं विचारलं, बागेतल्या कुठल्या ओळीला पाणी पोचत नाही ते सांगितलं.

अक्का म्हणाल्या, "आज आखाजी हाये. साल करायले आली मी."

हिरामण मागं सरकला. म्हणाला, निरोप पाठवला होता ना. मी कधी सुटेन माहीत नाही. नानांना म्हणावं, दुसरा ठेवा. आणि मग हात पुढे करून पाहत म्हणाला, "ह्याच हातनी बठ्ठं करं, अक्का. आते ह्या हातले काम नको."

सगळं ह्याच हातानं केलं, आता ह्या हाताला काम नको, असं त्याचं म्हणणं. मला वाटलं, आता संपलं. इतक्या लांब येऊन 'नाही' ऐकायचं होतं तर ते कारकुनाकडून आलेलं काय वाईट होतं? पण अक्कांनी पदराचं टोक पसरून जाळीवर धरलं आणि त्याच्याखालून एक बोट जाळीच्या भोकातून पलीकडे घातलं. बाजारात रुमालाखाली घालतात तसं.

"तो हात माह्या सांगन्यावरून दिला व्हता तू. आता परत माह्या सांगन्यावरून दे."

शिपाई पुढे आला. मी त्याला म्हटलं, भाऊ, काही देत नाहीयेत, बोट आहे फक्त. तो तिथंच थांबला.

हिरामण रडत होता. शेवटी त्यानं पदराखाली हात घातला. काय धरलं, कसं धरलं, ते मला दिसलं नाही. रुमालाखालचं तिसऱ्याला दिसत नाहीच. पण अक्कांचा खांदा सैल झाला तो दिसला. शिपायानं कागदातला खडा आत नेऊन दिला. हिरामणनं तो तोंडात टाकला, इकडे अक्कांनी टाकला, आणि मग त्या माझ्याकडे वळल्या. मी आयुष्यात पुष्कळ गूळ खाल्ला आहे. पितळी डब्यातला, आंबोळीबरोबरचा, हळदीकुंकवाचा. साक्षीचा म्हणून खाल्लेला हा पहिलाच.

परत

गाडी जळगावला उशिरा पोचली आणि पुढची फैजपूरची खच्चून भरलेली. गावात उतरलो तेव्हा ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेलं होतं. अक्कांच्या ओट्यावर नाना बसले होते आणि शेजारी एक अनोळखी तरुण गडी, मांडीवर गाठोडं ठेवून. समोर तबकात गूळ होता. यशोदा मळ्याच्या वाटेवर उभी होती. तिनं खोलीतली भांडी बाहेर काढून ठेवलेली मला लांबूनच दिसली.

नाना तसा वाईट माणूस नाही. त्यांनी उठून मला नमस्कार केला, प्रवास कसा झाला विचारलं, उन्हाबद्दल हळहळले. मग अक्कांकडे वळून म्हणाले की वहिनी, दिवस चालला, हा पोरगा सकाळपासून बसलाय. अक्कांनी साल झाल्याचं सांगितलं. नानांनी मान हलवली. जेलात कधी साल होतं का? तुम्ही म्हणाल झालं, तो म्हणेल झालं, पाहिलं कुणी?

तिथल्या रिवाजात विहिणीनं पहिल्या भेटीत पुरुषमाणसांपुढे बोलायचं नसतं. पाटावर बसायचं, ओटी भरून घ्यायची आणि गोड हसायचं, हे माझ्या लेकीनं मला पत्रातून तीनदा बजावलं होतं. मी ओट्याची पायरी चढले, पदर खांद्यावरून घेतला आणि म्हटलं,

"नाना, मी पाहिलं. साक्षीचा गूळ मी खाल्लाय."

नाना तबकाकडे वळले. मग त्यांनी तबकातला गूळ उचलला, त्या पोराच्या हातावर ठेवला, एक खडा स्वतः खाल्ला आणि म्हणाले, चल, माझ्याकडे. त्यांच्या साक्षीचा खडा त्यांनी माझ्यापुढे धरला. दिवसातला तो माझा दुसरा गूळ. मळ्याच्या वाटेवर यशोदा भांडी आत नेऊ लागली होती.